सपाट उजेड

तिने माझ्या हातावर श्वास सोडला. मी शिडीवर होतो, उजव्या हातात दिव्याचं डोकं, दातांत पाना, आणि तोल सांभाळायला पुढे केलेला डावा हात नेमका तिच्या नाकासमोर आला. कोमट, बारीक, थांबून थांबून येणारा वारा. मी हात मागे घेतला नाही. शिडीवर दचकलं की आधी हलायचं नाही, एवढी अक्कल जन्मभर नाटकांचे दिवे लावून माझ्या पायांना आली आहे, डोक्याला आली नसली तरी. मग सावकाश पाना खिशात टाकला, खाली उतरलो आणि पुतळ्याच्या मागे जाऊन बघितलं. पुतळा आतून पोकळ होता, पाठीला मुठीएवढं भोक होतं. तो ज्या ओट्यावर बसवला होता त्या ओट्याखालून हवेचा पाइप गेलेला, तो कुठेतरी फुटला असणार, आणि ती हवा पाठीतून शिरून नाकपुड्यांतून बाहेर पडत होती. म्हणजे सगळं साधंच होतं. मला ते लगेच कळलं, आणि कळून काडीचाही उपयोग झाला नाही, कारण पुन्हा शिडी चढलो आणि आधी हात तिच्या नाकासमोर धरून बघितला.

नाकपुड्या अगदी गोल होत्या. कोणाच्याही नाकपुड्या इतक्या गोल नसतात. बाकी चेहरा इतका खरा, की डाव्या भुवईत एक जुनी खोक होती आणि तिथे केस उगवलेले नव्हते. पण नाकाची भोकं मात्र गिरमिटाने पाडल्यासारखी. ते बघत असताना माझ्या मनात कुठेतरी खोल एक वाक्य हललं. 'नाकात दोन नळ्या खुपसल्या आणि म्हणाले, यातून श्वास घे, बाकी मेल्यासारखी पड.' हे वाक्य आईचं होतं. मी लहानपणी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्याला काही अर्थ असेल हेच विसरून गेलो होतो.

या संग्रहालयात मी नाटकवाल्यांच्या शिफारशीने आलो. इथल्या संचालिका, त्यांना सगळे मॅडम म्हणतात, मीही म्हणतो, त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "आमच्याकडचा उजेड फार सरकारी आहे हो. सगळ्यांवर सारखाच पडतो आणि कोणालाच दिसत नाही." बाई भल्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून तुमचा गैरसमज व्हायचा. त्यांनी आल्या आल्या हे लांबलचक दालन बंद करून टाकलं होतं. या दालनात भिंतीला लागून काचेच्या खोल्या, आणि प्रत्येक खोलीत एकेका जातीची, एकेका धंद्याची माणसं: दगड फोडणारा, जाळं ओढणारे, भट्टीपुढे बसलेला म्हातारा. सगळे प्लास्टरचे, सगळे गप्प. काचेवर पितळी पट्ट्या. पट्टीवर कामाचं नाव, माणसाचं नाही. शाळेची पोरं वर्षानुवर्षं इथे रांगेने येत आणि काचेला नाकं लावून हसत. मॅडमचं म्हणणं, हा या माणसांचा अपमान आहे, त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आता तरी विचारायला हवं. आणि विचारून होईपर्यंत समितीने ठरवलं ते असं: पुतळे काढायचे. ठेवायला गोदामात जागा नाही आणि हे काही मूळ वस्तूही नव्हेत, नुसती मॉडेलं, तेव्हा फोडून टाकायचे. खोल्या रिकाम्या ठेवायच्या, आणि रिकाम्या जागेवर एक दिवा. त्यापूर्वी नोंदीसाठी प्रत्येकाचं नीट चित्रण. चित्रणाचे दिवे माझे आणि नंतर रिकामपणाचेही माझेच. रिकाम्या जागेला उजेड देणं हे दिवेवाल्याचं सगळ्यात अवघड काम, म्हणून मी खूश होऊन हो म्हटलं होतं.

त्या दिवशी दिवा खाली सरकवला तेव्हा आणखी एक गोष्ट झाली. वरून उजेड होता तोवर ती बाई खंगलेली दिसत होती. डोळ्यांखाली खड्डे, ओठ आवळलेले, ओठांच्या डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती खाली ओघळलेली. पट्टीवर लिहिलं होतं, 'चटई विणणारी स्त्री'. मी दिवा तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर आणला, आणि ती सुरकुती वर चढली. ओठांचा कोपरा उचलला गेला, गालात कुठेतरी काहीतरी भरलं, आणि समोर माझी मुलगी बसलेली होती. उलट उत्तर जिभेवर आलंय आणि बापाचा मान राखायचा म्हणून गिळलंय, तेव्हा ती अशी दिसते. डोळे तेवढे तिचे नव्हते. ते कोणाचेच नव्हते, कोणीतरी रंगवलेले, जमिनीकडे लावलेले. मी शिडीच्या पायरीवर बसलो. आईचा एकही फोटो आमच्याकडे नाही. तिचा हा चेहरा तर मी कधीच पाहिला नव्हता, माझ्या आठवणीतली आई ही कपडेधुलाईच्या कारखान्यातून वाफेने सुजून घरी येणारी, दमेकरी बाई आहे. पण भुवईतली खोक मला माहीत होती. लहानपणी झोप लागेपर्यंत मी तिच्यावरून बोट फिरवायचो.

आई ती गोष्ट स्वयंपाक करताना सांगायची, आणि दरवेळी वेगळी सांगायची. नदीच्या फुगवट्याला लव्हाळ्याचं रान होतं, तिथे आमच्या लोकांची वस्ती. लव्हाळं कापायचं, वाळवायचं, चटया विणायच्या. एक दिवस शहरातून मोटार आली, तीत प्लास्टरची पोती, एक साहेब आणि एक साच्यावाला. त्यांना 'नमुन्याचा' चेहरा हवा होता. वस्तीतल्या सगळ्या बायांना उन्हात उभं केलं आणि हिला निवडलं. चेहऱ्यावर तेल चोपडलं, नाकात नळ्या, आणि मग थंडगार लगदा कपाळापासून हनुवटीपर्यंत. "हात नाही घेतले त्यांनी," आई सांगायची आणि भाकऱ्या थापल्यासारखे दोन्ही हात हवेत नाचवायची, "चटई कशाने विणतात रे, तोंडाने? पण हातांना त्यांच्याकडे वेळ नव्हता. ऊन उतरत होतं." कधी म्हणायची, आत इतकं हसू येत होतं की पोट दुखलं. कधी म्हणायची, वाटलं आता मरते, जिवंतपणी पुरलं मला. आणि वस्तू सापडेनाशी झाली, कोणी पैसे मागायला आलं, बापाने आवाज चढवला, की हमखास म्हणायची, "मी काय बोलणार बाबा, माझं तोंड नेलंय शहरात." आम्ही हसायचो. वस्ती उठवून तिथे धक्का बांधला गेला, माणसं चहूकडे पांगली, लव्हाळं कोणी पाहिलं नाही, तरी ती गोष्ट टिकली. माझ्या आजीचं मात्र ठाम मत होतं की पोरीचा श्वास तिथेच राहिला. नंतर दमा जडला तेव्हा आजी डॉक्टरलाही तेच सांगायला निघाली होती. मी मोठा झालो, शिकलो, हसलो. पण रात्री आईची छाती वाजायला लागली की मला वाटायचं, कुठेतरी एका बंद दालनात दुसरी कोणीतरी हिच्या वाटचा श्वास घेत बसली आहे आणि हिला पुरत नाही.

आणि आणखी एक. गोष्ट संपवताना ती माझ्याकडे बघून म्हणायची, "तू पण होतास तिथे." मी म्हणायचो, मी तर जन्मलोच नव्हतो. ती म्हणायची, "म्हणून काय झालं." ही तिची थट्टेची रीत होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही. शाळेची सहल एकदा याच संग्रहालयात निघाली तेव्हा सगळ्यांच्या आयांनी होकार कळवला, माझ्या आईने नाही. "नेताना म्हणाले होते, तयार झालं की बोलावू, गाडी पाठवू. बोलावल्याशिवाय कोणाच्या घरी जाऊ नये." मी रडलो, आदळआपट केली. तिने मला दुसऱ्या दिवशी नदीवर नेलं आणि धक्क्यावरून पाण्यात दगड मारायला लावले. त्या वयात मला तो चिक्कूपणा वाटला होता. आता, शिडीच्या पायरीवर बसून, प्लास्टरच्या त्या गोल नाकपुड्यांकडे बघताना पहिल्यांदा लक्षात आलं की ती खरोखरच वाट बघत होती. जन्मभर, कोणी मोटार पाठवील म्हणून.

घरी गेलो तर बायकोने दारातच विचारलं, "आज काय दिवे लावले?" हा आमच्या घरातला शिळा विनोद आहे, आणि मी त्यावर हसतो, लग्न टिकतं ते असल्याच गोष्टींवर. त्या दिवशी हसलो नाही. मुलगी टेबलाशी बसून काहीतरी वाचत होती, डोक्यावरच्या दिव्याने तिच्या डोळ्यांखाली खड्डे पाडले होते. मी उठून तो दिवा बंद केला आणि कोपऱ्यातला लावला. "अहो, ती वाचतेय ना," बायको म्हणाली. मी पुन्हा दिवे बदलले. मुलीने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी जिभेवर आलं, तिने ते गिळलं. ओठांचा डावा कोपरा. जेवायला बसलो आणि अर्ध्यातून उठलो. बायको मागून आली आणि म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, शिडीवर फार वेळ होतो. तिला सांगायला हरकत काहीच नव्हती. मी कुठला आहे हे तिच्यापासून मी लपवलेलं नाही. म्हणजे असं, की कोणी विचारलं तर मी 'नदीपलीकडचा' म्हणतो, आणि नदीपलीकडे अर्धं शहर आहे. ते खोटं नाही. पण ज्या दालनात आपली आई काचेत बसली आहे आणि शाळेची पोरं तिला बघून हसून गेली आहेत, तिथे रोज जाऊन 'मॅडम, दिवा जरा डावीकडे घेऊ का' म्हणणारा माणूस कोण, हे मला स्वतःलाच सांगता येईना. लाज कसली वाटत होती, तिची की माझी, हेही कळेना. झोपेत ती नाकपुड्यांची भोकं मोठी मोठी होत गेली आणि मी त्यांच्या आत होतो, अंधारात, बाहेरचा उजेड दोन गोल नाण्यांएवढा.

पुढचे दिवस मी तिच्याभोवती दिवे फिरवत राहिलो. बाकीच्या खोल्यांचं चित्रण उरकलं, हिचं उरकेना. वरून दिवा टाकला की दुःखी. खालून टाकला की हसरी. बाजूने टाकला की रागावलेली, आणि मागून टाकला तर नुसती कडा, कान आणि केसांची रेष, कोणीही बाई. हे सगळं मला आधीपासून ठाऊक असलेलं. रंगमंचावर नुसत्या दिव्यावर मी सज्जनाचा खुनी केला आहे आणि खुनी माणसावर लोकांना रडायला लावलं आहे. उजेड ही काही साक्ष नव्हे, उजेड म्हणजे वकील, ज्याने फी दिली त्याचा. मग खालच्या दिव्यात मला आई हसताना दिसली ती खरी, की ती हसावी असं मला वाटत होतं म्हणून? हा प्रश्न मला कुरतडत राहिला. एका गोष्टीत ती हसली होती, एका गोष्टीत मेली होती, आणि मी कुठली मानू? मधूनच हात तिच्या नाकासमोर धरून बघायचो. वारा असायचा. दालनात कोणी नसलं की मी थोडा वेळ माझा श्वास तिच्या श्वासाला जुळवून घ्यायचो, ती थांबली की थांबायचो. असं केल्यावर छाती दुखायची आणि तरी सोडवत नसे.

एका दुपारी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. दिवा तेव्हा नेमका वर होता. त्या बराच वेळ बघत होत्या, मग हळूच म्हणाल्या, "किती सोसलंय हो या बाईने. बघवत नाही. परवा मजूर येताहेत, पहिल्यांदा हिलाच काढू या." त्यांचे डोळे खरंच भरले होते. दुष्ट माणसाशी भांडता येतं. भल्या माणसाच्या तोंडावर कसं सांगायचं की बाई, तुम्ही रडताय ते माझ्या दिव्याच्या उंचीवर? मी एवढंच म्हटलं, "मॅडम, ती वस्ती होती ना, तिथली एक म्हातारी मला माहीत आहे. अजून आहे. काढायच्या आधी तिला बोलवाल का?" मॅडमना आनंद झाला. कितीतरी शोध घेऊन त्यांना त्या वस्तीचं कोणी सापडलं नव्हतं. "तुमच्या ओळखीची आहे?" मी म्हटलं, "लांबची." हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि मला माझीच किळस आली. "आणि मॅडम," मी म्हटलं, "गाडी पाठवा."

मावशी आली ती नव्या चपला घालून आली. आईची पाठची बहीण ती. आई गेली तेव्हाची आमची शेवटची भेट. त्यानंतर मी नुसते फोन करत होतो. पायऱ्यांवर मॅडम तिला हात द्यायला पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "तुमचे हे लांबचे नातेवाईक आमच्याकडे दिवे लावतात." मावशीने मला खालून वर पाहिलं. "लांबचा? कमरेएवढा होईस्तोवर माझ्या कडेवर होता हा. सख्ख्या बहिणीचा पोरगा. लांबचा कसा झाला रे? दिवे लावून लावून डोळे गेले का तुझे?" मॅडम माझ्याकडे बघू लागल्या. मी दिव्याच्या वायरी गुंडाळायला लागलो, त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या. दालनात आम्ही तिघंच चालत गेलो, आणि मावशीच्या नव्या चपला फरशीवर पावलागणिक करकरत होत्या. दगड फोडणाऱ्यापाशी ती थांबली, म्हणाली, "हा कोण? काही ओळख नाही," आणि पुढे झाली.

आईसमोर ती उभी राहिली तेव्हा खालचा दिवा चालू होता की वरचा, हे मला आठवत नाही, आणि मला, माझा धंदा बघता, हे आठवू नये याचं नवल वाटतं. काच काढलेलीच होती. मावशीने आधी हातांकडे बघितलं. "हे हात कोणाचे? पुरुषाचे आहेत. आणि वीण उलटी धरलीये. असं विणलं तर चटई चार दिवसांत सुटेल." मग वर बघितलं. तिच्या गळ्यातून एक आवाज निघाला, लहान मुलाला बघून निघतो तसला. "अगं बाई. किती लहान होतीस गं तू." तिने प्लास्टरच्या गालावर उलटा हात ठेवला, ताप बघतात तसा. मॅडम अडवायला पुढे झाल्या आणि मग थांबल्या. "डोळे तिचे नाहीत," मावशी म्हणाली. "डोळे मिटून घेतले होते तिने. लगदा आत जाऊ नये म्हणून साच्यावाल्यानेच सांगितलं होतं. नंतर कोणी उघडले?"

मॅडमनी तिला सगळं नीट समजावून सांगितलं. काय चूक झाली, आता काय करायचं ठरलं आहे, रिकामी खोली, दिवा. "या चेहऱ्यावर जो अपमान गोठून राहिलाय, जे दुःख आहे, ते आम्हाला पुन्हा पुन्हा लोकांपुढे मांडायचं नाही. म्हणून फोडून टाकणार आहोत." मावशीने 'फोडून' एवढंच ऐकलं असावं. ती मॅडमकडे वळली. "दुःख? कुठाय दुःख?"

"ओठ बघा ना, किती आवळून घेतलेत."

मी मध्येच बोललो. "ती हसत होती ना, मावशी? आई सांगायची, हसू आवरत नव्हतं."

"हसायला काय लग्न होतं? भिजलेल्या भिंतीसारखं जड होतं ते तोंडावर." मावशी ओट्याच्या कडेला टेकली, चपला काढून ठेवल्या, त्या चावत असाव्यात. "मी हात धरला होता तिचा. जीव घाबरला तर हात दाब, मी त्यांना काढायला लावीन, असं ठरलं होतं आमचं. बराच वेळ नीट पडून होती. आणि मग एकदम दाबला, हाडं मोडतील असा. मी ओरडले, काढा, काढा! साच्यावाला म्हणाला, आता काढलं तर सगळं वाया जाईल. मी त्याच्या अंगावर गेले. तेवढ्यात हिने दुसऱ्या हाताने मला खूण केली, थांब म्हणून. आणि माझा हात ओढून पोटावर नेला स्वतःच्या." मावशी माझ्याकडे बघत होती. "तू हललास. तोवर हलला नव्हतास. आम्ही सगळ्या काळजीत होतो, आमची आई तर रोज विचारायची. आणि तुला नेमका मुहूर्त सापडला तो. हिला ओरडता येईना, हसता येईना, तोंड उघडता येईना. नळ्यांतून श्वास फुसफुस, फुसफुस. लगदा काढला तर पहिला शब्द काय, तर 'हललं गं.' साच्यावाला कपाळावर हात मारून बसला, त्याला वाटलं साचा हलला."

तू पण होतास तिथे. मी ओट्याच्या दुसऱ्या कडेला बसलो. इतके दिवस मी तिला दुःखी करत होतो, हसरी करत होतो, रागावलेली करत होतो. त्यातलं ती काहीच नव्हती. ती दचकलेली होती. एका बाईच्या पोटात काहीतरी हललं आणि तिचा ओठ एका बाजूला सरकला, बस. ती तिची आणि माझी खाजगी बाब होती, आणि ती या काचेआड एका अख्ख्या जमातीचा स्वभाव म्हणून बसली होती. कोणी तिला सोशिक म्हटलं, कोणी रानटी, आणि आता कोणी अपमानित म्हणत होतं, तेही डोळ्यांत पाणी आणून. पाठीतल्या भोकाकडे माझी नजर गेली. आत अंधार होता. त्या अंधारात मला बघायचं नव्हतं आणि नजर हलतही नव्हती.

मॅडमनी अगदी विद्यार्थ्याच्या आवाजात मावशीला विचारलं, "मग आम्ही काय करायचं?" मावशी म्हणाली, "मला काय विचारता? त्याची आई आहे. त्याला विचारा." दोघी माझ्याकडे वळल्या. मजूर दुसऱ्या दिवशी येणार होते. हातोडे दालनाच्या दाराशी गोणपाटात गुंडाळून आणून ठेवलेले मी सकाळी पाहिले होते. मला वाटलं, घरी न्यावी. मग आमच्या दोन खोल्यांत ती कुठे बसेल ते डोळ्यांपुढे आलं, मुलगी वाचतेय आणि तिच्याच तोंडाची कोणीतरी कोपऱ्यातून जमिनीकडे बघतेय. मला वाटलं, फोडूच द्यावी, सुटेल बिचारी. मग वाटलं, सुटेल कोण? मी म्हटलं, "फोडू नका." नुसता आवाज निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "फोडू नका. हात काढा, ते तिचे नाहीत. चटई काढा, मागे उभी केलेली ती झोपडीही काढा. डोळे आहेत ते खरवडून घ्या, खाली मिटलेले असतील. आणि ती पट्टी..." पट्टीजवळ अडखळलो. जन्मभर ज्या वाक्याला वळसा घालत आलो होतो ते इतकं छोटं निघालं. मी आईचं नाव सांगितलं. मॅडमनी ते दोनदा विचारून घेतलं, आणि मग वस्तीचं नाव, तेही सांगितलं. नदीपलीकडची म्हटलं नाही.

समितीत वाद झाला म्हणे. काही जण म्हणाले, एकीचं ऐकायचं तर मग सगळ्यांचीच माणसं शोधावी लागतील. मॅडम म्हणाल्या, हो, शोधावीच लागतील. दगड फोडणाऱ्याचं कोण आहे, याचा शोध अजून चालू आहे, आणि ते सापडेस्तोवर हातोडे दाराशीच आहेत, त्यांचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. मुलीच्या डोक्यावरचा दिवा तिने उठून बंद केला आणि कोपऱ्यातला लावला. मुलीने विचारलं, "मला दाखवाल?" मी म्हटलं, आधी मला नीट बघू दे.

दुरुस्तीवाल्यांनी चेहरा परत आणला त्या दुपारी दालन अजून बंदच होतं. आता चेहरा तेवढाच होता, साध्या लाकडी खांबावर, समोर काच नाही. डोळे मिटलेले. रंग खरवडल्यावर पापण्या निघाल्या होत्या, पापण्यांवर तेलाने चिकटलेल्या केसांच्या बारीक रेघा. ती झोपलेली दिसत नव्हती आणि मेलेलीही दिसत नव्हती. आतून कुठलातरी आवाज येतोय का, असं कान देऊन बसलेली बाई. मी दिवे लावायला घेतले. वरचा काढला, खालचा काढला. समोरून, डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही बाजूंनी सारखे, मऊ कापडातून गाळलेले. याला आमच्यात सपाट उजेड म्हणतात आणि शिकाऊ पोराने तो टाकला तर मी त्याला घरी पाठवतो, कारण त्यात सावली पडत नाही, चेहऱ्याचं काहीच बनवता येत नाही. तिच्या ओठांचा कोपरा होता तिथेच राहिला. ना वर, ना खाली.

मग मी शिडीवरून डावा हात पुढे केला, सवयीने. तिच्या नाकासमोर धरला. काही नव्हतं. पाठीचं भोक त्यांनी बुजवलं होतं, ओटा गेला होता, पाइप दुरुस्त झाला होता. मला हे ठाऊक होतं, मीच त्यांना पाइप दाखवला होता. तरी मी हात धरून राहिलो, वाट बघत. आई गेली तेव्हा मी नाटकाबरोबर दौऱ्यावर होतो, पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, लोक चहा पीत बसले होते आणि मीही त्यांच्यात बसून चहा प्यालो होतो. ती गेली, हे मला त्या दुपारी शिडीवर कळलं.